थकीत कराच्या लिलावातील मोबाइल होम : बोली कशावर लागते आणि मालकी कशाची मिळते

अमेरिकेत शार्लटजवळ राहणाऱ्या एका वाचकांना दक्षिण कॅरोलायनातील एका काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासकीय विभागाच्या) थकीत कराच्या लिलावाच्या यादीत एक मिळकत आढळली. अर्धा एकर जमीन आणि तिच्यावर उभे असलेले दोन भागांचे मोबाइल होम, म्हणजे कारखान्यात बांधून ओढून आणता येणारे घर, असे तिचे स्वरूप दिसते. काउंटीच्या नकाशावर घर स्पष्ट आहे. यादीत मात्र जमिनीचा क्रमांक एका ओळीत आणि त्याच नावापुढे ‘मोबाइल होम’ अशी दुसरी ओळ आहे. बोली आपल्या नावे झाली तर घर आणि जमीन दोन्ही आपली होतील का, मोटार वाहन विभागाकडील टायटल (घराच्या मालकीचा दाखला) जुन्या मालकाच्या नावावरच राहिले तर काय करावे आणि घरावर कर्ज असेल तर त्याचे काय होते, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच तत्त्वातून निघतात. काउंटीने ज्या मालमत्तेवर कर आकारला आणि जिच्याबद्दल हितसंबंधितांना रीतसर नोटीस दिली, तेवढीच मालमत्ता लिलावात विकली जाते. त्या आवारात आणखी काय उभे आहे, याची हमी काउंटी देत नाही. म्हणून बोलीपूर्वी सर्वांत आधी हे शोधावे लागते, की आज कायद्याच्या दृष्टीने हे घर जमिनीचा भाग आहे की स्वतंत्र जंगम वस्तू आहे. टायटल तपासणीच्या कामात माझ्यासमोर आलेल्या फसलेल्या खरेदींपैकी बहुतेकांचे मूळ हा शोध न घेण्यात होते.

असे घर कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा ते पोलादी चौकटीवर उभे असते, त्याला चाके, ॲक्सल आणि ओढून नेण्यासाठी दांडा असतो आणि बहुतेक राज्यांत मोटारीप्रमाणेच त्याचे टायटल सर्टिफिकेट निघते. १५ जून १९७६ पासून अमेरिकेच्या गृहनिर्माण व नगरविकास खात्याची, म्हणजे ‘हड’ची, बांधकाम संहिता या घरांना लागू झाली. त्या तारखेनंतर बांधलेल्या घराच्या प्रत्येक वाहून नेता येणाऱ्या भागावर बाहेरून लाल रंगाची धातूची पट्टी लावलेली असते. कारखान्यातच तयार होणारी मॉड्युलर घरे मात्र या वर्गात येत नाहीत. ती राज्याच्या वा स्थानिक बांधकाम नियमांनुसार बांधली जातात, त्यांना वाहनासारखे टायटल नसते आणि पायावर बसवल्यावर ती सामान्य घरासारखी जमिनीबरोबर जातात. बाहेरून दोन्ही सारखी दिसू शकत असल्याने छायाचित्रावरून निष्कर्ष काढू नये.

जंगम वस्तू म्हणून जन्मलेले हे घर स्थावर कधी होते, हे प्रत्येक राज्य आपापल्या कायद्याने ठरवते आणि एका राज्याचा अनुभव दुसऱ्या राज्यात वापरणे धोक्याचे ठरते. उत्तर कॅरोलायनाच्या करकायद्यात कसोटी वस्तुस्थितीची आहे : घराचा दांडा, चाके व ॲक्सल काढलेले असावेत आणि ते कायम पायावर, घरमालकाच्या स्वतःच्या किंवा किमान २० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलेल्या जमिनीवर बसवलेले असावे. दक्षिण कॅरोलायनात घर जमिनीत विलीन करायचे असेल तर मालकाला टायटल रद्द करण्याचे प्रतिज्ञापत्र काउंटीच्या दस्त नोंदणी कार्यालयात नोंदवावे लागते आणि टायटल सर्टिफिकेट मोटार वाहन विभागाला परत करावे लागते. टेक्सासमध्ये टायटल सर्टिफिकेटच उरलेले नाही. तेथे राज्याच्या गृहनिर्माण खात्याचा एक विभाग मालकीचे निवेदन देतो, त्यात मालकाने घर जंगम ठेवले की स्थावर हे लिहिलेले असते आणि पट्टीच्या किंवा अनुक्रमांकाच्या आधारे ती नोंद कोणालाही ऑनलाइन पाहता येते. त्या घराविरुद्धचा कराचा बोजाही तिथेच दिसतो, ही खरेदीदारासाठी फार मोठी सोय आहे.

फ्लोरिडातील रचनेत मात्र एक सापळा आहे आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. तेथे घर व जमीन एकाच मालकाची असून घर कायमचे बसवलेले असेल, तर त्यावर स्थावर मालमत्तेचा कर लागतो आणि घराला ‘आरपी’ अक्षरांचे स्टिकर मिळते. जमीन भाड्याची असेल तर घरमालक दरवर्षी परवाना शुल्क भरून ‘एमएच’ स्टिकर घेतो. ‘आरपी’ स्टिकर पाहून अनेक खरेदीदार समजतात, की घर जमिनीत विलीन झाले. प्रत्यक्षात ते स्टिकर कर कोणत्या पद्धतीने लागतो एवढेच सांगते. टायटल रद्द करण्याची प्रक्रिया वेगळी आहे आणि ती झालेली नसेल तर टायटल सर्टिफिकेट वाहन विभागाच्या नोंदीत जिवंतच असते. शिवाय दोन भागांच्या घराला तेथे दोन टायटल असतात. टॅक्स डीड, म्हणजे करलिलावातील खरेदीचा दस्त, हातात पडले तरी विभागाच्या नोंदीत ती दोन्ही जुन्या मालकाच्या, कधी तर त्याच्याही आधीच्या मालकाच्या नावावर असल्याचे आढळते.

महाराष्ट्रातून आलेल्या वाचकांना यातील एक गोष्ट समजायला अडचण पडू नये. घरपट्टीची पावती आपल्या नावाची असली तरी तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही, हे आपल्याकडे गावागावांत ठाऊक असते. येथेही करनिर्धारकाच्या यादीतील नाव हे कर कोणाकडून मागायचा यापुरते असते. म्हणून काउंटीच्या संकेतस्थळावरील मालकाचे नाव वाचून न थांबता दस्त नोंदणीची पुस्तके आणि वाहन विभागाची नोंद, या दोन्ही ठिकाणी स्वतंत्र शोध घ्यावा. दोन्हीकडे एकच नाव निघाले तर बरेच काम सोपे होते. नावे वेगळी निघाली तर कर कोणाच्या नावे आकारला गेला आणि नोटीस कोणाला गेली, हा प्रश्न लगेच उभा राहतो.

आता प्रश्नकर्त्यांच्या यादीकडे वळतो. एकाच नावापुढे दोन ओळी आहेत, याचा सरळ अर्थ असा, की काउंटीने जमिनीची आणि घराची बिले वेगळी काढली आहेत आणि बहुधा दोन वेगळे लिलाव होणार आहेत. दोन्ही बोली एकाच व्यक्तीने जिंकल्या पाहिजेत, असा कोणताही नियम नाही. जमीन एकाने घेतली आणि घर दुसऱ्याने घेतले, तर घराच्या खरेदीदाराला ते हलवावे लागेल किंवा जमीनमालकाशी करार करावा लागेल. त्याहून सूक्ष्म भाग असा, की जुना मालक दोन्हींपैकी एकच सोडवून घेऊ शकतो. त्याने जमिनीचा कर भरून जमीन परत मिळवली आणि घर तसेच सोडले, तर आपल्या हाती दुसऱ्याच्या जमिनीवर उभे असलेले घर येते.

दक्षिण कॅरोलायनात सोडवून घेण्याची मुदत लिलावाच्या तारखेपासून १२ महिन्यांची आहे. जुना मालक थकबाकी व खर्च भरतो आणि त्याबरोबर खरेदीदारासाठी बोलीच्या रकमेवर व्याज भरतो : पहिल्या तीन महिन्यांत ३ टक्के, पुढील तीन महिन्यांत ६, नंतर ९ आणि शेवटच्या तीन महिन्यांत १२ टक्के. मात्र या व्याजाला मर्यादा आहे. थकीत कर, दंड, खर्च आणि मुदतीच्या वर्षाचा कर मिळून काउंटीच्या जप्त-जमीन आयोगातर्फे जी आरंभीची बोली लागते, तिच्याहून व्याज अधिक होऊ शकत नाही. समजा आपण ६,००० डॉलरची बोली लावली आणि आठव्या महिन्यात मालकाने मालमत्ता सोडवली, तर ९ टक्क्यांनी ५४० डॉलर होतात. पण आयोगाची बोली ४०० डॉलरची असेल तर आपल्याला ४०० डॉलरच मिळतील. मोबाइल होमचा कर बहुधा कमी असतो, त्यामुळे ही मर्यादा इथे जमिनीपेक्षा अधिक वेळा आड येते. केवळ व्याजासाठी बोली लावणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा.

मोबाइल होम सोडवताना जुन्या मालकाला आणखी एक रक्कम द्यावी लागते. ती म्हणजे लिलावापासून सोडवण्यापर्यंतच्या काळाचे भाडे, दरमहा मागील पूर्ण करवर्षाच्या कराच्या जास्तीत जास्त एक बारांश इतके. वर्षाचा कर ४८० डॉलर असेल तर महिन्याला ४० डॉलर. ही रक्कम घराचे बाजारभावाने भाडे नव्हे, आणि ती मिळते म्हणून त्या वर्षभरात घराचा ताबा आपल्याकडे आला असेही समजू नये. या काळात घर हलवू नये, कुलूप बदलू नये, दुरुस्तीला पैसे घालू नयेत. उलट बाजूचा धोकाही आहे, कारण जमिनीसारखे हे घर जागच्या जागी राहीलच असे नाही. रीतसर घर हलवायचे तर काउंटीचा परवाना आणि कर भरल्याचा दाखला लागतो, म्हणून लिलावानंतर परवाना देणाऱ्या कार्यालयाला आपल्या खरेदीची लेखी माहिती द्यावी. तेवढ्याने चोरून हलवणे थांबत नसले, तरी परवाना चुकून दिला जाण्याचा धोका कमी होतो.

कर्जाचा प्रश्न अधिक गंभीर आहे आणि त्याचे उत्तर नोटिशीत आहे. घर जंगम असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेचा बोजा टायटल सर्टिफिकेटवर नोंदवलेला असतो. दस्त नोंदणीच्या पुस्तकांत त्याचा मागमूसही नसतो. घर स्थावर झाले असेल तर गहाणखत पुस्तकांत सापडते. जमिनीचा शोध नीट घेणारा माणूसही मोटार वाहन विभागाची नोंद पाहायला विसरतो, आणि काउंटीच्या हातूनही हेच घडू शकते. थकीत कराचा हक्क सर्वसाधारणपणे खाजगी कर्जाच्या बोजाच्या वर असतो. पण बोजाधारकाला नोटीस मिळाली नसेल तर तो बोजा निघाला असे धरून चालता येत नाही. १९८३ मध्ये ‘मेनोनाइट बोर्ड ऑफ मिशन्स विरुद्ध ॲडम्स’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की नोंदीवरून ओळखता येणाऱ्या गहाणदाराला केवळ वृत्तपत्रातील जाहिरात पुरेशी नाही, त्याला टपालाने किंवा तितक्याच खात्रीच्या मार्गाने कळवले पाहिजे. २००६ मध्ये ‘जोन्स विरुद्ध फ्लॉवर्स’ या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले : मालकाला पाठवलेले नोंदणीकृत पत्र न स्वीकारता परत आले हे सरकारला माहीत असेल, तर शक्य असलेले दुसरे वाजवी उपाय केल्याशिवाय मालमत्ता विकता येत नाही.

या निर्णयांचा व्यवहारातील अर्थ असा, की आपल्या मालकीची मजबुती काउंटीच्या टपाल-फायलीइतकीच असते. ती फाइल मागून पाहावी. नोटीस कोणत्या पत्त्यावर गेली, पोच आली की पाकीट परत आले, परत आल्यावर घरावर सूचना लावली का, टायटलवरील बोजाधारकाला वेगळी नोटीस गेली का, मालक वारला असेल तर वारसांचा शोध घेतला का, हे पाहावे. दक्षिण कॅरोलायनात मुदत संपण्यापूर्वी ४५ ते २० दिवसांच्या दरम्यान मालक, गहाणदार आणि नोंदीत असलेले इतर हक्कदार यांना पुन्हा नोंदणीकृत नोटीस द्यावी लागते. ही दुसरी नोटीस चुकली म्हणून नंतर आव्हान मिळू शकते. विक्रीला आव्हान देण्याची कायद्यातली मुदत दोन वर्षांची आहे. तरी नोटीसच मुळात सदोष असेल तर त्या मुदतीच्या भरवशावर राहू नये, असे माझे मत आहे.

संघीय कायद्यांपैकी तीन गोष्टी आवर्जून तपासाव्यात. जुन्या मालकाविरुद्ध आयआरएसचा, म्हणजे संघीय करखात्याचा, करबोजा नोंदलेला असेल आणि स्थावर मालमत्ता न्यायालयाबाहेरील लिलावात विकली जाणार असेल, तर आयआरएसला किमान २५ दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि विक्रीनंतर १२० दिवस किंवा राज्याची मुदत, यांपैकी जी अधिक असेल तेवढा काळ ती मालमत्ता सोडवण्याचा हक्क आयआरएसला असतो. हा सोडवण्याचा हक्क स्थावर मालमत्तेपुरता आहे, म्हणजे घर कोणत्या वर्गात मोडते हा प्रश्न इथेही परत येतो. दुसरे, लिलावाच्या वेळी मालकाची दिवाळखोरीची याचिका प्रलंबित असेल तर वसुलीला आपोआप स्थगिती असते आणि तिचा भंग करून झालेली विक्री टिकत नाही. तिसरे, मालक सैन्यात सक्रिय सेवेत असेल तर त्याला विशेष संरक्षण असून सेवा संपल्यावर १८० दिवसांपर्यंत मालमत्ता सोडवता येते. लष्करी तळांजवळच्या काउंट्यांत ही शक्यता नगण्य मानू नये.

मुदत संपली, काउंटीने दस्तऐवज दिला आणि तरी टायटल सर्टिफिकेट जुन्या नावावर आहे, ही स्थिती अगदी नेहमीची आहे. घर स्वतंत्रपणे विकले गेले असेल तर लिलावाचा दस्त, ओळखीचा तपशील आणि अर्ज घेऊन मोटार वाहन विभागाकडे जावे. दस्तावरील अनुक्रमांक आणि विभागाच्या नोंदीतील अनुक्रमांक अक्षरशः जुळला पाहिजे. काउंटीच्या कागदावर एक अक्षर चुकले तरी काम अडते आणि दुरुस्तीसाठी काउंटीकडे परत जावे लागते. दस्तात केवळ जमिनीचे वर्णन असेल आणि घराचे टायटल रद्द झालेले नसेल, तर विभाग त्या दस्तावर टायटल देईल अशी अपेक्षा ठेवू नये. मग तीन वाटा उरतात. जुना मालक सापडला आणि तयार झाला तर थोडी रक्कम देऊन त्याची सही घेणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. काही राज्यांत हमीपत्रावर बॉन्डेड टायटल मिळते. तिसरा मार्ग न्यायालयाचा : मालकी निश्चित करून घेण्याचा दावा लावताना त्यात जमिनीबरोबर घराचे वर्णन, प्रत्येक भागाचा अनुक्रमांक आणि टायटलवरील बोजाधारक यांचा समावेश करायला वकिलांना सांगावे. जमिनीपुरता निकाल मिळवून नंतर घरासाठी पुन्हा न्यायालयात जावे लागले, असे खरेदीदार मी पाहिले आहेत आणि त्यांचा खर्च टाळता आला असता. टायटल विमा कंपन्याही करलिलावातील मालकी असा निकाल आल्याशिवाय सहसा स्वीकारत नाहीत आणि घरासाठी पॉलिसीला स्वतंत्र पुरवणी जोडावी लागते.

जमीन आपण घेतली आणि तिच्यावरील घर तिसऱ्याच व्यक्तीचे निघाले, ही शक्यता ग्रामीण भागात बरीच असते. आईच्या जमिनीवर मुलाचे घर किंवा तोंडी भाडेकराराने ठेवलेले घर, असे प्रकार दिसतात. त्या व्यक्तीने आपल्या घराचा कर भरलेला असेल तर जमिनीच्या लिलावाने तिचे घर जात नाही. आपल्याला मिळते ती जमीन, आणि घरमालकाशी भाड्याचा किंवा घर हलवण्याचा प्रश्न कायदेशीर मार्गाने सोडवावा लागतो. घर मोबाइल होमसाठी जागा भाड्याने देणाऱ्या पार्कमध्ये असेल तर उलट स्थिती असते : घर आपले, जागा पार्कची. पार्कचे थकलेले भाडे, नव्या रहिवाशाला मान्यता देण्याच्या अटी आणि घर तिथेच ठेवू देणार की नाही, हे व्यवस्थापनाकडून लिलावापूर्वी लेखी घ्यावे.

घर हलवावे लागणार असेल तर ते हलवता येते का, हे आधी पाहावे. अनुक्रमांक पोलादी चौकटीच्या पुढच्या आडव्या पट्टीवर कोरलेला असतो. आतील माहितीपत्रक बहुधा स्वयंपाकघराच्या कपाटात, विजेच्या पॅनेलजवळ किंवा शयनगृहातील कपाटात चिकटवलेले असते. त्यावर वाऱ्याचा विभाग, म्हणजे किती जोराच्या वाऱ्यासाठी घर बांधले ते, लिहिलेला असतो आणि पहिल्या विभागासाठी बांधलेले घर किनाऱ्याजवळच्या दुसऱ्या विभागात बसवता येत नाही. १९७६ पूर्वीचे घर नव्या जागी आणायला अनेक स्थानिक संस्था परवानगीच देत नाहीत. बाहेरील लाल पट्टी गळून पडली असेल तर आयबीटीएस या संस्थेकडून तिच्या नोंदीचे पडताळणीपत्र मिळू शकते. पुढे कर्ज काढून विकायचे असेल तर ते लागेल.

आत कोणी राहत असेल तर त्याचा विचार बोलीपूर्वी करावा, हे मी आग्रहाने सांगतो. या घरांत राहणारी माणसे बहुधा वयस्कर किंवा तुटपुंज्या मिळकतीची असतात आणि काहीशे डॉलरच्या करासाठी त्यांचे एकमेव घर यादीत आलेले असते. त्यांना काढण्यासाठी न्यायालयीन प्रक्रिया लागते, स्वतः जाऊन वीज तोडणे किंवा सामान बाहेर ठेवणे बेकायदा आहे. मुदत चालू असताना त्यांना सोडवण्याची तारीख आणि रक्कम स्पष्ट सांगणारे साधे पत्र पाठवावे, असे मी माझ्या अशिलांना सुचवतो. त्यामुळे काही वेळा मालमत्ता हातची जाते, पण पैसे व्याजासह परत येतात आणि एका कुटुंबाचे छप्पर राहते. मुदतीत कोणी सोडवले नाही, तर त्यांना पूर्ण माहिती होती याचा लेखी पुरावाही आपल्या फाइलमध्ये राहतो.

प्रश्नकर्त्यांनी लिलावापूर्वी काउंटीच्या करवसुली कार्यालयाला एकच लेखी प्रश्न विचारावा : या नावापुढील दोन ओळींचा लिलाव स्वतंत्र होणार का, आणि मोबाइल होमच्या ओळीत कोणता अनुक्रमांक आहे. तो अनुक्रमांक घेऊन वाहन विभागाची टायटलनोंद मागवावी आणि दस्त नोंदणी कार्यालयात टायटल रद्द केल्याचे प्रतिज्ञापत्र शोधावे. प्रतिज्ञापत्र सापडले आणि तरी घराची वेगळी ओळ असेल, तर कर दोनदा आकारला गेला असण्याची शक्यता आहे. अशा वेळी काउंटीने यादी दुरुस्त करेपर्यंत त्या काउंटीत काम करणाऱ्या स्थावर मालमत्तेच्या वकिलाला विचारल्याशिवाय दोन्हींपैकी कोणत्याही ओळीवर बोली लावू नये. प्रतिज्ञापत्र नसेल आणि टायटलवर कर्जाचा बोजा असेल, तर त्या संस्थेला नोटीस गेल्याची पोच पाहूनच घराची बोली ठरवावी. जमिनीची बोली मात्र घर तिथे नाहीच, असे समजून लावावी.